पाहुण्यांचं पाणी

कोंडवेळच्या कोळीवाड्यात पाण्याला तोटा नव्हता. समोर समुद्र, उजवीकडे खाडी, मागच्या अंगाला खाजण, आणि उधाणाच्या भरतीला पाणी चौथ्या बाजूनंही यायचं. पिण्याजोगं तेवढं त्यात काही नव्हतं. वाड्याच्या खाली, खाजणाच्या चिखलाला लागून एक जुनी विहीर होती. ती कोणी खणली ते कोणाला ठाऊक नव्हतं, आणि ज्यानं खणली त्यानं आपलं नाव मागे ठेवलं नाही हे शहाणपणाचंच केलं. पावसाळ्यात तिचं पाणी पाण्यासारखं लागे. दिवाळीनंतर ते मचूळ होई, होळीनंतर खारट, आणि वैशाखात त्यात डाळ टाकली तर ती दुपारपर्यंत नुसती भिजत बसे.

भागुबाई थळहून या वाड्यात लग्न होऊन आली तेव्हा सासूनं तिला घर दाखवलं नाही, देव दाखवले नाहीत. पहिल्यांदा नागावची वाट दाखवली. नागाव तिथून पाऊण कोसावर. तिथं दिनानाथपंतांचं नारळी-पोफळीचं आगर होतं आणि आगरात गोड्या पाण्याची विहीर, तिच्यावर बैलांचा रहाट. पंत मनानं चांगले. पाण्याला कधी नाही म्हणाले नाहीत. फक्त विहिरीच्या कठड्याला हात लावायचा नाही, रहाटाची पन्हळ आगराच्या पाटात पडते तिथं हंडा धरायचा, धरण्याआधी तो वाळूनं घासलेला दाखवायचा, आणि बैल सुटले की असतील तशा मागं फिरायचं. पंचक्रोशीत याला उदारपणा म्हणत, आणि इतरांशी ताडून पाहिलं तर तो होताही.

अडचण एकच होती. पंतांचे बैल सूर्याबरोबर चालत आणि कोळ्यांची होडी चंद्राबरोबर. रहाट रोज सकाळी फिरे, पण भरती दर दिवशी पाऊण तासानं पुढं सरके. त्यामुळे पंधरवड्यातले काही दिवस असे यायचे की बैल जुंपायला आणि होड्या किनाऱ्याला लागायला एकच गाठ पडे. होडी आली की बाईनं पुळणीवर हजर असायला हवं. मासळी निवडायची, बोंबील बांबूंच्या वलांड्यांवर सुकत घालायचे. तासभर उशीर झाला तर माल कुजतो आणि घरात सहा तोंडं असतात. अशा दिवशी नागावला कोणी जात नसे. त्या दिवशी वाडा खाजणाच्या विहिरीवर भागवी.

सन सव्वीसच्या जेठात असे तीन दिवस लागोपाठ आले. मासळी उदंड लागली होती आणि सगळा वाडा खूश होता. भागुबाईची रंगू चार वर्षांची. आई पुळणीवर, बाप होडीवर; पोरीला तहान लागली, ती घरात जे होतं ते प्यायली. पटकीच्या साथीनं, जुलाब-उलट्या होऊन, वाड्यातली सात माणसं गेली, त्यांत रंगू चौथी. सकाळी तिनं आईकडे पाणी मागितलं होतं आणि दिवेलागणीला ती नव्हती.

त्यानंतर भागुबाई कितीतरी महिने कोणाशी धड बोलली नाही. तिला राग आला होता आणि तो कोणावर काढावा हे कळत नव्हतं. समुद्रावर काढून उपयोग नाही, त्याला ऐकायची सवय नाही. नवऱ्यावर काढावा तर हरेश्वर बिचारा त्याच विहिरीचं पाणी पीत होता आणि जगला एवढाच त्याचा गुन्हा. पंतांच्या बैलांवर काढावा, तर बैलांनी काय केलं होतं? शेवटी तिनं ठरवलं की वाड्याला गोड्या पाण्याची विहीर झाली पाहिजे. ती झाली तर आपण पुन्हा माणसांत येऊ, नाहीतर नाही, असं तिनं मनाशी धरून ठेवलं. बोलून दाखवलं नाही. कोंडवेळच्या माणसाला मनातलं बोलून दाखवायला मासळीच्या भावाशिवाय दुसरा विषय माहीत नव्हता.

रेवदंड्याला जैनुद्दीनचाचाचं दुकान होतं. दोर, जाळ्याचं सूत, डांबर, खिळे असला होडीचा माल तो विके आणि गिऱ्हाइकांना वर्तमानपत्र वाचून दाखवे. खाडीच्या दोन्ही काठांवरचे अर्ज त्याच्याच हातचे. अर्जाचा मोबदला म्हणून तो सुके बोंबील घेई आणि अक्षर त्या मानानं फार सुरेख काढी.

"भागू, तुझं काम होईल, इन्शाल्ला," तो म्हणाला. "ज्या गावाला प्यायला पानी नाय, त्याला इहीर बांदून द्यायला लोकल बोर्डाकडे पैसा आलाय. सरकारनं दिलाय. छापून आलंय."

"मंग सरकारला सांगा की, चाचा."

"सरकारला सांगून काय होत नाय. आपण बोर्डाला अर्ज करायचा. बोर्ड ओव्हरसिअरला धाडतो. ओव्हरसिअर येऊन बघतो आनि लिहितो."

"काय लिहितो?"

"जे बघील ते. आनि त्यानं लिहिलं की तेच खरं. मग पानी खारं असो की गोडं."

भागुबाईनं त्यातला शेवटचा भाग नीट ऐकला नाही. ऐकला असता तर पुढची आठ वर्षं वाचली असती.

ओव्हरसिअर येणार अशी वर्दी सत्तावीसच्या वैशाखात आली. वाड्यानं असा पाहुणा कधी पाहिला नव्हता. झाडलोट झाली, सुकत घातलेली मासळी वाऱ्याच्या खालच्या बाजूला हलवली, कोणाच्या तरी घरून खुर्ची आणली. अर्जावर अंगठा भागुबाईचा, म्हणून पाहुणा तिच्याच ओटीवर बसणार हे ठरलेलं होतं. भागुबाई पहाटे चांदण्यात उठली, नागावला गेली, पंतांचे बैल जुंपेपर्यंत पन्हळीपाशी बसून राहिली आणि पहिल्या धारेचा हंडा घेऊन आली. पाणी तिनं तीन पदरी फडक्यातून गाळलं, नव्या माठात भरलं, त्यात वाळ्याची जुडी टाकली आणि माठ ओल्या वाळूत पुरला. घरी आलेल्याला घरातलं सगळ्यात चांगलं ते द्यायचं, यात विचार करण्यासारखं काही आहे असं तिला किंवा वाड्यातल्या कोणालाच वाटलं नाही.

ओव्हरसिअर भर दुपारी तापल्या वाळूतून चालत आला. त्याची जात कोणती आणि कोळ्याच्या घरचं चालतं की नाही, हा प्रश्न तहानेनं त्याला पडू दिला नाही. पहिला तांब्या त्यानं उभ्यानं संपवला, दुसरा बसून, आणि तिसरा डोळे मिटून.

"वा!" तो म्हणाला. "हे इथलंच पाणी?"

सगळा वाडा भागुबाईकडे बघू लागला. आता नाही म्हणायचं म्हणजे काय म्हणायचं? साहेब, तुमच्या एका तांब्यासाठी मी पहाटे पाऊण कोस गेले होते? पाहुण्याच्या तोंडावर त्याच्यासाठी पडलेल्या कष्टांचा पाढा वाचायचा? तसं कोंडवेळात कोणी केलं नव्हतं आणि थळलाही केलं नव्हतं.

"व्हय, सायेब," भागुबाई म्हणाली. "हितलाच."

ओव्हरसिअरनं मान डोलावली, वहीत काहीतरी लिहिलं, विहीर लांबून पाहिली, चौथा तांब्या प्यायला आणि गेला. वाड्यानं त्याला वेशीपर्यंत पोचवलं. साहेब खूश होऊन गेले, तेव्हा काम झालंच, अशी सगळ्यांची खात्री पटली. हरेश्वरनं तर कप्पी कोणत्या लाकडाची करायची ते बोलायला सुरुवात केली.

बोर्डाचं उत्तर गणपतीनंतर आलं. जैनुद्दीनचाचानं ते आधी मनात वाचलं, चष्मा पुसला, आणि मग मोठ्यानं वाचलं. सदर वस्तीचे पाणी समक्ष चाखून पाहिले. ते गोड, थंड व सुवासिक आहे. नवीन विहिरीची आवश्यकता दिसत नाही.

"सुवासिक," चाचा पुन्हा म्हणाला. "भागू, वाळा कशाला टाकलास ग?"

वाड्यात तिला कोणी शिव्या दिल्या नाहीत. त्यांच्याही घरी तेच झालं असतं हे प्रत्येकाला ठाऊक होतं. पण त्या वर्षी खाजणाच्या विहिरीवर बायका हंडा बुडवताना हळूच म्हणायच्या, "घ्या, सुवासिक घ्या." भागुबाई ते ऐकून घेई. चूक तिची होती आणि ती तिला कळली होती. तोंडातून एकदा 'न्हाय' निघालं असतं तर विहीर झाली असती, हे ती रात्रंदिवस स्वतःला ऐकवत होती.

चाचानं दुसरा अर्ज केला. बोर्डाला एकदा नको म्हटलेलं पुन्हा बघायला तीन वर्षं लागली, तेव्हा सन तीसचा चैत्र उजाडला. या वेळी भागुबाईनं पक्कं ठरवलं होतं. नागावला जायचं नाही, माठ नाही, वाळा नाही. खाजणाच्या विहिरीचं पाणी तांब्यात घ्यायचं आणि साहेबाच्या हातात द्यायचं. दोन घोट पोटात गेले की पुढचं तो आपोआप लिहील. सगळ्या वाड्याला हे पटलं. ते पाणी कोण देणार असं विचारलं तेव्हा मात्र सगळे आपापल्या पायांकडे बघू लागले. शेवटी भागुबाईनंच तांब्या भरून ठेवला.

हा ओव्हरसिअर दुसरा होता, वयानं साठीकडे झुकलेला, अंगानं जड. वलांड्यांच्या सावलीत तो मटकन बसला आणि टोपीनं वारा घेऊ लागला. तोंड लाल झालं होतं, धाप लागली होती. त्यानं पाण्यासाठी हात पुढे केला.

भागुबाई तांब्या घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली. तिला त्याच्यात बोर्ड दिसेना, तहानेला माणूस दिसू लागला. तिचा बाप तांडेल होता, होडीवरचा मुख्य. दर्यात दुसऱ्या होडीचं पाणी संपलं आणि त्यांनी हाक दिली की तो आधी आपलं गोडं पिंप उघडायचा. त्यात भांडण-तंटा, जुनं वैर काही बघायचं नसे, आणि उरलंसुरलं तळाचं तर कधीच द्यायचं नसे. भागुबाईनं ते लहानपणापासून पाहिलं होतं. तिनं तांब्या पुढं केला, मागं घेतला, परत पुढं केला. म्हाताऱ्याचा हात अधांतरी राहिला. मग तिनं तांब्या वाळूत उपडा केला आणि हरेश्वरला ओरडून सांगितलं, "शहाळं काडा!"

वाड्यात एकच माड होता. त्याची होती नव्हती ती चार शहाळी उतरवली गेली. म्हाताऱ्यानं तीन संपवली, चौथं वाटेसाठी बरोबर घेतलं.

निघताना भागुबाईनं धीर करून सांगितलं, "सायेब, आमच्या इहिरीचा पानी लई खारट हाय."

"बाई, समुद्रकाठी थोडं खारट असायचंच," तो मायेनं म्हणाला. शहाळ्यानं त्याला बरं वाटलं होतं.

त्याचा शेरा चाचानं वाचून दाखवला. येथील लोक पाण्याऐवजी शहाळी पितात. राहणी सुखवस्तू आहे. विहीर द्यावयाचीच झाल्यास लोकांनी खर्चाचा तिसरा हिस्सा रोख भरावा.

कोंडवेळच्या लोकांना आपण सुखवस्तू आहोत हे पहिल्यांदाच कळलं. एका म्हाताऱ्यानं चाचाला विचारलं की हे पत्र दाखवून कुठं उधार मिळेल का. चाचा म्हणाला की त्याच्या दुकानात तरी नाही.

असा तिसरा हिस्सा भरायला वाड्याच्या होड्या विकाव्या लागल्या असत्या, आणि मग विहिरीचं पाणी प्यायला कोणी उरलं नसतं. अर्ज तिथंच पडला. मधल्या वर्षांत आणखी दोन पोरं गेली, शेजारची. भागुबाई दोन्ही वेळा त्या घरी गेली, दारात बसून राहिली, आणि दोन्ही वेळा तिला वाटलं की ही आपल्या हातून गेली. हरेश्वरनं तिला समजावून पाहिलं. "तू काय इख दिलंस का कोनाला?" तो म्हणाला. ती म्हणाली, "गोडं दिलं, तेच वंगाळ झालं." तो जाळं दुरुस्त करायला बसला.

चौतिसाव्या सालच्या वैशाखात एके दिवशी भागुबाई बोंबलांची पाटी घेऊन अलिबागच्या बाजाराला निघाली. हे नेहमीचंच. त्या दिवशी तिनं पाटीच्या वर एक कळशीही घेतली, फडक्यानं तोंड बांधलेली. तिच्यात खाजणाच्या विहिरीचं पाणी होतं. रात्रभर पडल्या पडल्या तिला एक गोष्ट सुचली होती, आणि ती इतकी साधी होती की आठ वर्षं का सुचली नाही याचा तिला स्वतःचाच राग आला होता.

बोंबील विकून ती बोर्डाच्या कचेरीत गेली. पट्टेवाल्यानं तिला पायरीवर अडवलं. भागुबाई पायरीवर बसली. दोन तासांनी कचेरीतल्या लोकांना वाटू लागलं की बाईला आत घेतलेलं बरं, कारण पाटी रिकामी असली तरी बोंबलांचा वास भरलेला होता.

"मला पानी दे रं बाबा," ती पट्टेवाल्याला म्हणाली.

त्यानं वरून धार धरली, ती ओंजळीनं प्यायली. "गोड हाय," ती म्हणाली. "आता मला मोठ्या सायबाकडं ने."

बोर्डाचे अध्यक्ष पालीकडचे, त्यांना रावसाहेब म्हणत. माणूस सुधारक. पाणवठे सर्वांना खुले असावेत, पाण्याला विटाळ नसतो, यावर त्यांनी त्याच महिन्यात एक घणाघाती भाषण केलं होतं आणि ते छापून आलं होतं. त्याच्या पाच प्रती टेबलावर ठेवलेल्या होत्या. कचेरीतले तिन्ही कारकून ते भाषण समक्ष ऐकून आले होते. त्यांना जावंच लागलं होतं.

रावसाहेबांनी कोंडवेळचे कागद मागवले आणि वाचले. "बाई, इथं तर लिहिलंय, गोड, थंड आणि सुवासिक."

"त्यो नागावचा पानी व्हता. मीच आनला व्हता."

"मग त्याच वेळी सांगायचं होतंत."

"पाव्हन्याला कसा सांगायचा, रावसायेब? घरी आल्यावर?"

रावसाहेबांनी कागद बाजूला ठेवले. त्यांच्या घरीही बायका होत्या, पाहुणे येत होते.

"तुमचा कोनी आमच्या दारात आला की माझ्या हातून वंगाळ पानी देववत न्हाय," भागुबाई म्हणाली. "दुसऱ्या येळी करूनबी बगितला. न्हायच जमला. म्हनून मी तुमच्या दारात आले. हितं पाव्हनी मी हाय. तुमचा पानी मी घेतला. आता माझा तुमी घ्या."

तिनं कळशीचं फडकं सोडलं. पट्टेवाल्याला पुढचं दिसलं आणि त्यानं पुढं होऊन कळशी बाजूला सारायचा विचार केला. पण तिन्ही कारकुनांनी मान वर केली होती आणि रावसाहेबांच्या हाताशी भाषणाच्या पाच प्रती होत्या. रावसाहेबांनी आपला पेला पुढे केला.

एक घोट तोंडात गेल्यावर त्यांचा चेहरा बदलला. थुंकावं तर समोर बाई बसलेली आणि पाणी तिच्या घरचं. त्यांनी ते गिळलं. मग, कोणाला काही वाटू नये म्हणून असेल, दुसरा घोटही घेतला.

"हे तुम्ही रोज पिता?" पेला खाली ठेवून त्यांनी विचारलं.

"भरती सकाळची आसली की," ती म्हणाली. "ह्याच पान्यानं माझी पोर गेली."

आठ वर्षांत परक्या माणसापुढं तिनं पोरीचा विषय काढला नव्हता. रावसाहेबांनी विहीर द्यावी असं कागदावर स्वतःच्या हातानं लिहिलं, आणि तिसरा हिस्सा रोख घेण्याऐवजी लोकांनी मजुरी करावी असंही त्यात घातलं. पुढचे दोन दिवस बोर्डाच्या सभा अध्यक्षांच्या प्रकृतीच्या कारणानं तहकूब होत्या. तिसऱ्या दिवशी सभा भरली आणि कोंडवेळची विहीर एकमतानं मंजूर झाली. त्याबरोबर दुसराही एक ठराव झाला की सदर वस्तीस जाणाऱ्या नोकरांनी पिण्याचे पाणी सोबत न्यावे.

ती विहीर पस्तिसाच्या फाल्गुनात बांधून झाली. वाळूत खणलं की कडा ढासळतात, म्हणून आधी दगड-चुन्याचं गोल कडं बांधून ते खाली उतरवत न्यावं लागलं. असलं काम वाड्याच्या ऐपतीचं कधीच नव्हतं, त्याला बोर्डाचाच पैसा हवा होता. अजून ती विहीर आहे आणि अजून बायका तिच्यावर भांडतात. पण ते पुढचं झालं. जागा ठरली तो दिवस सांगायचा राहिला.

जागा ठरवायला आलेला तिसरा ओव्हरसिअर तरुण होता, हुशार होता, आणि ठरावाप्रमाणे त्याच्या खांद्याला पाण्याची बाटली होती. भागुबाईनं हात जोडून त्याला बसायला दिलं आणि पाणी विचारलं नाही. असं करताना तिला कसंसंच झालं.

त्याच्याबरोबर दोन गडी आणि जमिनीत भोक पाडायची, तुकडे जोडत लांबवता येणारी लोखंडी पहार होती. त्यानं खाजणाच्या बाजूला भोक पाडलं, पाणी खारट. माडाजवळ पाडलं, खारट. वाड्याला वाटलं संपलं. पण ओव्हरसिअर खालच्या अंगाकडून वरच्या अंगाकडे सरकू लागला, घराघरांच्या बोळांतून, वाळूच्या उंचवट्यावर. नवव्या भोकाला पाणी मचूळ लागलं, अकराव्याला बरं. वाड्यातले म्हातारे हसत होते. समुद्राच्या एवढ्या जवळ, नुसत्या वाळूत, गोडं पाणी? त्यांच्या बापजाद्यांनी हातभरही वाळू उकरून पाहिली नव्हती, आणि आपल्या घराखाली कोण खणतो?

ओव्हरसिअर भागुबाईच्या ओटीपाशी येऊन थांबला. "घरात पाडू का एक?" त्यानं विचारलं. "उंचवट्याचा मध्य इथं येतोय."

चुलीच्या कडेला त्यांनी पहार घातली. तेरा हातांवर ओली वाळू लागली, पंधरा हातांवर पाणी. नळीनं वर काढलेलं पाणी त्यानं चाखलं आणि वाटी भागुबाईच्या हातात दिली.

ती प्यायली. पंतांच्या पन्हळीचं पाणी असतं तसंच होतं, थोडं अधिक थंड.

"पावसाचं पाणी आहे," ओव्हरसिअर उत्साहानं सांगू लागला. त्याला हे समजावून सांगायला फार आवडत होतं. "वाळूत मुरतं आणि खाऱ्या पाण्यावर तरंगून राहतं. टेकाडाच्या मध्यावर सगळ्यात जास्त. तुमचं घर नेमकं त्याच्यावर आहे, बाई."

"कवापासनं हाय ह्यो पानी हितं?"

"नेहमीचंच. टेकाड आहे तेव्हापासून. शेकडो वर्षं म्हणा ना."

"पटकीच्या साली व्हता?"

"कोणती पटकी? असेल तेव्हाही. का नसेल? असणारच."

भागुबाईनं वाटी खाली ठेवली. ज्या जागी तिनं रंगूला शेवटचं निजवलं होतं ती जागा चुलीपासून दोन हातांवर होती. ती उठली, मागच्या दारानं बाहेर गेली आणि वलांड्यांपाशी जाऊन मोठ्यानं रडू लागली. पोर गेली त्या दिवशी ती अशी रडली नव्हती. समुद्राचा आवाज होता तरी ते रडणं सगळ्या वाड्याला ऐकू येत होतं, आणि बायका घराघरांतून बाहेर येऊन तिच्याकडे जाऊ लागल्या.

ओव्हरसिअर गोंधळला. तो हरेश्वरला म्हणाला, "हे बघा, घर पाडायची सक्ती नाही. जागेचे पैसे बोर्ड देत नाही, ते खरंय. पण विहीर वीस हात पलीकडे घेतली तरी चालेल. पाणी थोडं मचूळ लागेल, एवढंच. बाईंना म्हणावं, रडू नका."

हरेश्वर चुलीजवळच्या त्या भोकाकडे बघत होता. विहिरीची जागा आखायला गड्यांनी आणलेली खुंटी त्यानं उचलली आणि ओव्हरसिअरच्या हातात दिली.

"घरासाठी न्हाय रडत ती, सायेब," तो म्हणाला. "तुमी हितंच मारा."